कोकण किनाऱ्याची संस्कृती आणि अपेंडिक्स सी

८ ऑगस्ट १९६४, शनिवार

शनिवार म्हणजे दौती. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी वर्गातल्या चाळीस दौती धुवायची पाळी सुभद्राची आणि माझी. मागल्या नळाखाली आम्ही दोघी उकिडव्या बसायचो. ती घासायची, मी विसळायची. बोटं रविवारच्या जेवणापर्यंत निळी राहायची. एकदा माझी रिबन सुटली ती तिने तशाच हातांनी बांधली. पांढऱ्या रिबनीवर निळे ठसे उठले आणि सिस्टरने दोघींना उभं केलं. विशेष काही घडलं नाही. पण चाळीस वर्षांनंतरही तिचं पत्र आलं की मला आधी तो नळच दिसतो.

आज पत्र आलं. सुभद्रा मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन आहे. मी इंटरच्या वर्षी बाबांच्या आजारपणामुळे मालवणला परत आले, ती पुढे शिकली. मला त्याचं काही वाटत नाही.

सोबत युनिव्हर्सिटीचं सर्क्युलर आणि कोरा फॉर्म. बी.ए., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेलं संशोधन किंवा कलाकृती पाठवायची. बारा जण निवडणार. त्यांना तीन महिने मुंबईत प्रोफेसरांच्या हाताखाली काम, पुढे एम.ए.ला जागा. शेवटची तारीख १५ जानेवारी. सुभद्रा लिहिते, "हे सुगंधासाठी पाठवते आहे." 'सुगंधासाठी' या शब्दाखाली दोन रेघा. का ते कळलं नाही.

सुगंधा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सत्यवानाची मुलगी. वाडीला राहून तिथल्या कॉलेजात ज्युनियर बी.ए.ला आहे. जेवताना मी सर्क्युलर वाचून दाखवलं. सत्यवान म्हणाला, शिरोड्याच्या लोकांनी तिला मागणी घातली आहे. "युनिव्हर्सिटीन घेतला तर जाऊंदे मुंबयक. नाय घेतला तर वैशाखात शिरोड्याक." एवढं बोलून त्याने आणखी भात घेतला.

म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं.

९ ऑगस्ट

संकल्प. रोज पहाटे पाचला उठणे. रोज चार पानं. दुपारची झोप बंद. डिसेंबरअखेर ग्रंथ पुरा. सुगंधाला मी फक्त मार्गदर्शन करणार. अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला मार्गदर्शन म्हणजे काय ते कुणी सांगायला नको.

दुपारी जरा पडले होते. पाऊस होता.

१६ ऑगस्ट, रविवार

सुगंधा एस.टी.ने आली. भिजून चिंब. डोकं पुसायच्या आधीच म्हणाली, "आते, माझ्या मनात विषय आहे." मला बरं वाटलं. मग विषय सांगितला: चुडतांचं विणकाम! आमच्या घरामागच्या परड्यात बाबली गेली तीस वर्षं माडाच्या झावळ्या विणते. छपरासाठी, कुडासाठी, मांडवासाठी. ती कसं विणते ते सुगंधाला चित्रं काढून लिहायचं आहे.

मी हसले नाही. तिला समजावलं की युनिव्हर्सिटीपुढे झावळ्या नेता येत नाहीत. विषय मोठा हवा. मी सुचवला: 'कोकण किनाऱ्याची संस्कृती : उगमापासून आजपर्यंत'. ती बराच वेळ पंच्याने केस पुसत राहिली. मग म्हणाली, "आते, एवढं मला कसं येईल?" मी म्हटलं, मी आहे ना.

पोरीला आईची ऊब मिळाली नाही. मीच तिला वाढवलं. तिला काय झेपेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार?

६ सप्टेंबर

प्रश्नावली तयार. बेचाळीस प्रश्न. बाजारातल्या प्रेसमध्ये शंभर प्रती छापून घेतल्या. छापील कागदाला वेगळंच वजन येतं. सुगंधाला एक प्रत पाठवली. उत्तरात तिने फक्त प्रत मिळाल्याचं कळवलं.

पहाटे पाचला उठणं उद्यापासून.

२० सप्टेंबर

गणपती झाले. आज प्रत्यक्ष संशोधन सुरू. सहा घरं. चमत्कारिक अनुभव. कोपऱ्यावरच्या राधाबाईने वाटेवरूनच हाक मारली, "येवा गो बाईनू, इतक्या उन्हात खंय? बसा, पाणी पिवा!" मी बसले. वही काढली, पेनचं टोपण उघडलं. त्याबरोबर ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आपण विचारावे. आमचेकडे सात माड आहेत. उत्पन्न काही नाही."

ओट्यावर बसल्या बसल्या मी एक्केचाळीस माड मोजले.

सहाही घरी तेच. वही उघडली की भाषा शुद्ध आणि माड कमी. नवऱ्याचं नाव तर एकीनेही सांगितलं नाही. त्या रकान्यात मी सहा वेळा 'घरधनी' लिहिलं आहे. तरी एक निष्कर्ष हाती लागला: सुशिक्षित व्यक्तीच्या नुसत्या सहवासाने लोकांची बोली सुधारते. हे प्रकरण आठमध्ये घ्यायचं.

२७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९

आज दांडीच्या किनाऱ्यावर एक गैरसमज झाला.

होड्या निघायच्या वेळी गेले. धोंडू तांडेल आणि त्याची माणसं होडी पाण्यात ढकलत होती. त्याला थांबवलं आणि पहिला प्रश्न वाचला : "आपण कुठे जाता?"

धोंडू गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बाईनू, इचारलात मां? झाला आता." आणि होडी परत वाळूवर ओढली. त्यांची बघून मागच्या पाचही होड्या फिरल्या. कुणीतरी ओरडलं, "मास्तरीणबाईन खंय म्हणान इचारल्यान रे!"

समुद्रावर निघालेल्याला 'कुठे' म्हणून विचारायचं नसतं. विचारलं की त्या दिवशी जाळं टाकत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी याच प्रश्नासाठी आईने मला चापट दिली होती. पण तो तोंडी प्रश्न होता. हा छापील आहे. संशोधनाला हे लागू होईल असं मला वाटलं नाही.

दुपारी २

घरी मासळी नाही. अख्ख्या दांडीवर कुणाकडेच नाही. सत्यवानाने ताटाकडे पाहिलं. "आज काय वाढलास अक्का, संशोधन?" मी वाढत राहिले. डाळ चांगली झाली होती.

११ ऑक्टोबर

बाहेर जाणं तूर्त बंद. किनाऱ्यावर मी दिसले की लोक तोंड फिरवतात. परवा एक पोर मला बघून बापाला सांगायला धावत गेलं. तरी नाउमेद व्हायचं कारण नाही. उत्तम संशोधन टेबलाशीच होतं. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल लावून घेतलं. त्या खोलीत सुगंधा अभ्यास करायची, पण ती आता असते कुठे?

कंबर धरली आहे. खुर्ची बदलायला हवी.

७ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत सुगंधा घरी. मला वाटलं, आता दोघी मिळून प्रकरण दोन पुरं करू. तर ही सकाळपासून परड्यात बाबलीजवळ फतकल मारून बसलेली. हातात ओली चुडतं, बाजूला चित्रांची वही. मी तीन वेळा हाक मारली. एकदा चष्मा शोधायला, एकदा शाई भरायला, एकदा नुसतीच. तिन्ही वेळा उठून आली, मुकाट्याने काम केलं, परत गेली.

तिसऱ्या खेपेस बाबली स्वतः मागील दारात येऊन उभी. "बाईनू, चेडवाक बसूंद्या. मधी उठला तर इण सुटता, मगे पयल्यापासून." मी म्हटलं, बाबली, इथे विद्यापीठाचं काम चाललं आहे. ती परड्याकडे बोट करून म्हणाली, "थंय पण तांच चल्लाहा," आणि गेली.

अडाणी माणसांवर रागवू नये. पण वाईट वाटलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

सुगंधाने जाण्यापूर्वी पानं आणून दिली. बाबलीच्या विणकामाची चित्रं आणि खाली बारीक अक्षरात टिपणं. म्हणाली, "आते, हेच पाठवूया ना. एवढंच मला नीट येतं."

मी वरवर चाळलं. हात चांगला आहे. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं की हे वाया जाणार नाही, शेवटी अपेंडिक्समध्ये घालू. ए म्हणजे राजवंशांची यादी, बी म्हणजे प्रश्नावली, सी म्हणजे तिची पानं.

कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची सही घेऊन फॉर्म तिने आणला होताच. 'वरील काम संपूर्णपणे माझे स्वतःचे आहे' या ओळीखाली तिने आपली सही केली. बाकी फॉर्म कोरा. तो मी भरणार. फॉर्म माझ्या ट्रंकेत, कुलपात. बसची वेळ झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कृतज्ञ मुलगी आहे.

२० डिसेंबर

प्रकरण चार. अजून बाराव्या शतकातच आहे. परशुरामाने फार पानं घेतली.

रोज दोन पानं होतात. कधी एक. उजव्या खांद्यातून कळ येते. रात्री अमृतांजन लावून पडते आणि डोळे मिटले की परिच्छेद सुचतात, सकाळी आठवत नाहीत. दमायला होतं. पण हे सगळं कुणासाठी? माझं काय, मला काही नको.

सुगंधाचं कार्ड : "पाठवण्याआधी एकदा दाखवशील का?" उत्तर दिलं की तू परीक्षेचा अभ्यास कर.

९ जानेवारी १९६५

पार्सल रवाना. एकशे त्र्याऐंशी पानं. प्रकरणं नऊ, त्यातली शेवटची तीन जरा धावतपळत झाली. सोळावं ते विसावं शतक सतरा पानांत. प्रस्तावना इंग्रजीत, अठरा पानं, तीत कॉन्व्हेंटच्या दिवसांचा ओझरता उल्लेख. सगळं माझ्या हाताने स्वच्छ लिहिलं. सुगंधाचं अक्षर लहान, परीक्षकांना त्रास. अपेंडिक्स सी तेवढं तिच्या हातचं राहिलं. उतरवायला वेळ नव्हता.

फॉर्मवर सही तिची, काम आमचं. घरात असं वेगळं कोण करतो?

पोस्टातून परत येताना वाटेत दोनदा बसावं लागलं. बाजारात कुणीतरी विचारलं, बाईनू, बरा नाय काय? मी म्हटलं, एक मोठं काम हातावेगळं झालं.

१४ फेब्रुवारी

पत्र नाही. मोठ्या ग्रंथाला वाचायला वेळ लागतो.

मुंबईला सुगंधाबरोबर मला जावंच लागेल. प्रोफेसरांनी काही विचारलं तर ती गांगरेल. आरशासमोर उभी राहून दोन वाक्यं म्हणून पाहिली : "Gentlemen, our coast..." यापुढे अडते. निळी इरकल काढून उन्हात टाकली.

सुभद्राला कळवलं की मी येईन. तिच्याकडून उत्तर आलं, त्यात परत विचारते, "सुगंधाने काय लिहिलंय ते मात्र तू कळवलं नाहीस."

७ मार्च

शिरोड्याच्या लोकांना महिनाअखेर उत्तर हवं आहे. मुलगा पोस्टात कारकून. घर चांगलं, माणसं चांगली. सुगंधा आली होती, तिच्यासमोरच बोलणं झालं. ती बापाला एवढंच म्हणाली, "युनिव्हर्सिटीचं पत्र येईपर्यंत थांबा ना, बाबा." मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, निवड झाल्यासारखीच आहे.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला असं वाटतं.

२० मार्च, शनिवार

पत्र आलं. पार्सलसकट.

इंग्रजीत सहा ओळी. प्रस्तावना आणि प्रकरणं एक ते नऊ विद्यार्थिनीच्या हातची दिसत नाहीत, त्यामुळे विद्यार्थिनीने दिलेली हमी ग्राह्य धरता येत नाही आणि अर्ज विचारात घेता येत नाही. पुढे : अपेंडिक्स सी मधली चौदा चित्रं आणि टिपणं ज्या कोणाची असतील त्यांनी पुढल्या वर्षी ती स्वतःच्या नावाने अवश्य पाठवावीत, अशी समितीची सूचना आहे. अशा प्रकारचंच काम या योजनेला अपेक्षित होतं.

समितीने ग्रंथ वाचलेला नाही हे उघड आहे. उत्तराचा मसुदा करायला बसले. सहा पानं झाली.

घरात अजून कुणाला सांगितलं नाही. सत्यवानाने विचारलं, पार्सल कसलं? मी म्हटलं, पुस्तकं.

२१ मार्च. सकाळ

मसुद्यात अपेंडिक्स सी मधून एक-दोन वाक्यं घ्यावीत म्हणून ती पानं काढली. आणि बसून वाचली. पहिल्यांदा.

काय लिहिलंय पोरीने! बाबली चुडत किती दिवस तळीत भिजत घालते, पाण्याला वास आला की पातं नरम झालं असं कसं ओळखते. छपराची वीण कुठल्या बाजूने सुरू केली म्हणजे पाणी आत येत नाही. बाबलीचा उजवा अंगठा वाकडा आहे, लहानपणी मोडलेला, म्हणून तिची गाठ बाकीच्या बायकांच्या उलट पडते, आणि आता धाकट्या बायका सरळ अंगठ्यांनीही तशीच उलटी गाठ मारतात, कारण त्या तिच्याजवळ शिकल्या. तीस वर्षं ही बाई माझ्या परड्यात बसते. मला तिचा अंगठा ठाऊक नव्हता. सुगंधाने वही बाजूला ठेवून आधी तिच्याबरोबर विणलं असणार. बाबलीचं बोलणं जसंच्या तसं आहे, एकही वाक्य ऑफिसातलं नाही.

अकराव्या चित्राखाली लिहिलंय : "हा प्रकार अपुरा. आतेने तीनदा हाक मारली."

दुपार

मसुदा फाडला. जेवले नाही. भूक नव्हती असं सांगितलं, ते मात्र खरं.

वर्ष गेलं तिचं. ते पोस्टाने घालवलं नाही, समितीने नाही, कुणीच नाही. मी.

२३ मार्च

सत्यवानाला सांगितलं. तो ओट्यावर सुपारीची पोती शिवत होता. मी उभी राहूनच सांगितलं, नाहीतर बसल्यावर मी प्रस्तावना केली असती. तिला नकार आलेला नाही. तिचं काम मी शेवटी टाकलं आणि माझं पुढे केलं, म्हणून अर्ज बाद झाला. शिरोड्याला होकार देऊ नकोस.

त्याने दाभण थांबवलं. मग म्हणाला, "म्हणजे युनिव्हर्सिटीन तेका नाय म्हटल्यान नाय. नापास तू झालंस."

मी म्हटलं, हो.

"आणि शिरोडकरांका काय सांगू? चेडवाची आते नापास झाली म्हणान?"

मी म्हटलं, असंच सांग.

तो एकटाच हसायला लागला. मग हसणं थांबलं. म्हणाला, एक वर्ष. त्याच्यापुढे एक दिवस नाही. मग दाभण परत पोत्यात घातलं आणि खाली बघत म्हणाला, "अक्का, तू दुपारची नीज गो जरा. बरी दिसनंस नाय."

२८ मार्च, रविवार

सुगंधा आली. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पत्र तिच्या हातात दिलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

तिने पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. म्हणाली, "चौदा म्हणतात. तेराच आहेत. अकरावं अपुरं आहे." मग अगदी हळू, "आते, मी तुला म्हटलं होतं ना ग."

मी हो म्हटलं. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती उठून परड्यात गेली. बाबली काहीतरी म्हणाली, हिने काहीतरी सांगितलं, मग बाबलीचा आवाज मोठ्याने, बहुतेक माझ्यासाठीच : "माझो आंगठो मुंबयक गेलो आणि माका कोणी सांगूक नाय!" दोघी हसल्या. सुगंधा आधी रडली असावी. पाठमोरी होती, नीट दिसलं नाही.

मी हाक मारली नाही.

२९ मार्च

हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन फिरलं तरी कागद फिरणार नाही.

उत्तरेच्या खिडकीची खोली आणि टेबल सुगंधाला. आजच. माझं सामान मधल्या खोलीत हलवावं. फाउंटन पेन तिला. खुर्ची बदलायची राहिली आहे, ती सत्यवानाने बदलून द्यावी.

प्रकरणं एक ते नऊ, पाठकोरी, शाळेतल्या मुलांना कच्च्या कामासाठी. प्रस्तावना बाबलीला, चुलीत घालायला. कागद चांगला आहे, लवकर पेटेल. बाबलीला शिवाय माझी निळी इरकल. आणि सुगंधाच्या पहिल्या पानावर बाबलीचं नाव पुरं लिहावं, आडनावासकट. तिचं आडनाव मला विचारून घ्यावं लागेल.

सुभद्राला पत्र सुगंधाने लिहावं. मी लिहिलं तर लांबेल.

अपेंडिक्स सी आता अपेंडिक्स नाही. ती पानं ट्रंकेतून काढून सुगंधाला दिली. ट्रंकेची किल्लीही तिलाच.

ऑगस्टमध्ये नवा फॉर्म येईल. पोस्टमनने तो सुगंधाच्याच हातात द्यावा. ती घरी नसेल तर परत न्यावा आणि ती येईल तेव्हा आणावा. माझ्याकडे देऊ नये. मी मागितला तरी.